गाठीची वाटणी होत नाही

माझ्या गुदाशयात, म्हणजे संडासच्या जागेच्या जरा आत, तुरीच्या दाण्याएवढी गाठ होती. ती दुर्बिणीनं काढली. एवढं साधं वाक्य मी चारचौघांत बोलू नये म्हणून माझ्याच माणसांनी केवढा आटापिटा केला, ते सांगायला बसले आहे. वाचताना कुणाला अवघडल्यासारखं झालं तर त्यानं खुशाल पान उलटावं. मला आता अवघडायला वेळ नाही. सकाळची पहिली गाडी माझी असते.

मी एसटीत कंडक्टर आहे. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटाची मशीन आणि तोंडात दिवसभर 'पुढं सरका, पुढं सरका'. आमचा तांडा बोरी अरबच्या पलीकडे, डांबरी सोडून आत. आम्ही गोर, बाहेरचे लोक बंजारा म्हणतात. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य मुलूखभर वाहिलं. आता तांड्यात सोयाबीन होतं, कापूस होतो, तूर होते, आणि वाहायचं काम संपलं. मी तेवढी रोज माणसं वाहते. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून मी आणि माझी याडी, म्हणजे आई, एका घरात राहतो. भिंतीला भिंत लावून मोठ्या भावाचं, माझ्या भियाचं, घर आहे. घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण ती लिहिली तर वाचणाऱ्यांची पंचाईत होईल, म्हणून बोलणं इथं वऱ्हाडीत सांगते. तीही आमचीच आहे.

रक्त पडायला लागलं तेव्हा मी घाबरले नाही. बसून बसून आणि पाणी कमी पिऊन पिऊन कंडक्टर बाईला मूळव्याधीचे मोड येणारच. पाणी प्यावं तर मधे उतरायचं कुठं, हा प्रश्न पुरुष कंडक्टरला पडत नाही. तो कुठल्याही बाभळीआड जाऊन येतो. आम्ही तहान मारतो. तांड्यात कमरेखालच्या दुखण्याला एकच नाव आहे, गरमी. याडीनं रोज ताक दिलं, सुरण शिजवून घातलं आणि माझी मिरची बंद केली. रक्तापेक्षा मिरचीचाच मला जास्त राग आला. सीटला डाग लागेल म्हणून मी पिशवीत जास्तीची सलवार ठेवायला लागले आणि रिकाम्या गाडीतही उभ्यानं जायला लागले.

आमच्या गाडीचे ड्रायव्हर वयानं मोठे आहेत. एकदा दारव्ह्याच्या स्टँडवर ते म्हणाले, "मॅडम, तुमी आजकाल सीटवर बसूनच नाही राह्यल्या. काय झालं?"

"मोड झाले," मी म्हटलं.

ते लगेच टायरकडं बघायला लागले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. "यवतमाळले कॅमेऱ्यावाला डॉक्टर हाय. माया साळ्याची तपासनी केलती त्यानं. दाखवून घ्या एकडाव."

तो डॉक्टर पोरसवदा निघाला. त्यानं तपासलं, कॅमेरा आत घालून पाहिलं आणि बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुन्हा बोलावलं तेव्हा त्यानं मला खुर्ची दिली. डॉक्टरनं खुर्ची दिली की समजावं, काहीतरी आहे.

"ताई, रक्त मोडांचंच आहे. ते औषधानं कमी होईल. पण आत एक गाठ सापडली. तिनं तुम्हाला काहीच त्रास दिलेला नाही. मोडांसाठी कॅमेरा घातला म्हणून दिसली, नाहीतर कळलंही नसतं."

"कॅन्सर आहे का?" मी सरळ विचारलं.

त्यानंही सरळ सांगितलं. ही कॅन्सरच्याच कुळातली, पण हळू वाढणाऱ्या जातीची ट्यूमर आहे. आत्ता बारकी आहे आणि वरच्या थरांत आहे असं दिसतं. आत्ता काढली तर जिथून कॅमेरा गेला तिथूनच निघेल, पोट फाडायचं काम नाही. वाढू दिली तर खोल जाईल, पुढं लिव्हरपर्यंतही जाऊ शकते. मग मोठं ऑपरेशन, आणि संडासची जागा काढावी लागली तर पोटावर मळाची कायमची पिशवी.

पिशवी म्हणजे काय ते त्यानं कागदावर काढून दाखवलं. मी त्या चित्राकडं बघत राहिले. मला बाजाराच्या दिवसाची आमची गाडी दिसली. कोंबड्या, पोती, दारापर्यंत माणसं, खालून रस्त्याचे हादरे, आणि त्यातून पोटावरची पिशवी सांभाळत तिकिटं काढणारी मी. नोकरी सुटली असती. नोकरी सुटली की मी भावाच्या ताटाखालची झाले असते, आणि त्यासाठी मी नवऱ्याचं घर सोडलेलं नव्हतं.

"काढायची," मी म्हटलं. "कुठं जायचं तेवढं सांगा."

त्यानं नागपूरच्या एका डॉक्टरचं नाव दिलं. सोबत कोणीतरी घरचं लागेल म्हणाला, आणि निघताना बजावलं, "कोणालाही त्याला लेप-बिप लावू देऊ नका. वरवर जाळलं तर मूळ आत राहील आणि पुढच्या माणसाला नीट काढता येणार नाही."

घरी येऊन मी याडीला आणि भावाला काही न लपवता सांगितलं. भाऊ पहिलं वाक्य बोलला ते, "हळू बोल."

त्याच्या पोरीचं, माझ्या पुतणीचं, ढाणकीकडच्या एका तांड्यात जमत आलं होतं. पाहुणे येऊन गेले होते. भाऊ म्हणाला, "ट्यूमर हा शब्द फाट्यावर गेला का कॅन्सर होऊन वापस येते. मंग पोरीले कोन करन?" शिवाय त्याच्याकडं इलाज तयार होता. आठवडी बाजारात एक माणूस बसतो. लेप लावतो, धागा बांधतो, मोड गळून पडतात. भाऊ स्वतः त्याच्याकडं जाऊन आलेला.

"तुया डॉक्टरच म्हनते न, रक्त मोडाचं हाय म्हनून? मंग मोडाचा इलाज कर. नागपूर कायले?"

"मोडाचा करतो न भिया. गाठीचं काय?"

"तेबी गळून पडन."

"अन नाही पडली तं?"

यावर तो उठून अंगणात गेला. माझा भाऊ वाईट नाही. सासरहून मला आणायला तोच आला होता, आणि माझ्या नवऱ्याच्या अंगणात उभा राहून माझ्या बाजूनं तोच बोलला होता. पण आमच्या बापाला घशाचा कॅन्सर झाला, त्याला दवाखान्यात नेलं आणि तिथून त्याचं प्रेतच आलं. दवाखाना म्हटलं की भावाला तेवढंच आठवतं. तो घाबरला होता. घाबरलेल्या पुरुषाला आपण घाबरलो असं म्हणता येत नाही, म्हणून त्यानं नसाब बोलावली.

नसाब म्हणजे आमच्या तांड्याची बैठक. नायक मधे बसतो, कारभारी शेजारी, बाकीचे पुरुष गोल करून. बांधाचं भांडण, बैलाचं भांडण, सोयरीक, काडीमोड, सगळं तिथं बोललं जातं. मला नसाबची चीड नाही, उलट मी तिचं मीठ खाल्लेलं आहे. नवऱ्याच्या घरून आले तेव्हा याच लोकांनी बसून ठरवलं होतं की पोरीला परत धाडायची नाही. मी तेव्हा दाराआड कान लावून बसले होते. माझ्या जन्माचा फैसला मी फटीतून ऐकला. तो माझ्या बाजूनं लागला, हे माझं नशीब.

ज्याचा प्रश्न असेल त्यानं उभं राहून तो सांगायचा, ही आमची रीत. बाईचा प्रश्न असेल तर बाप नाहीतर भाऊ सांगतो. तसा माझा भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, "बहिनीच्या पोटात जराशी तकलीफ हाय."

मी याडीसोबत मागं भिंतीशी उभी होते. 'पोटात' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मी पुरुषांच्या गोलात जाऊन उभी राहिले.

"पोटात नाही," मी म्हटलं. "माया संडासच्या जागेत गाठ हाय. आतून. पोटात असती तं मीबी पोट म्हनलं असतं."

कारभारी काडीनं माती उकरायला लागले. एकानं तंबाखू मळायला घेतली, मळलेली होती तरी. भावाचा चेहरा असा झाला की जणू मी भर बैठकीत कपडे सोडले. पण मी थांबले नाही. गाठ कुठं आहे, केवढी आहे, ती राहिली तर काय होईल आणि आत्ता काढली तर कशी निघेल, सगळं सांगितलं. जागेचं नाव घेतल्याशिवाय तुम्ही ठरवणार तरी काय, असंही विचारलं.

नायक म्हातारे आहेत आणि खरोखर न्यायी आहेत. त्यांनी मला मधे बोलू दिलं, हेच पुष्कळ. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, दुखते का थे?"

"नाही."

"रक्त येते गाठीतून?"

"नाही. रक्त मोडाचं हाय."

तिथंच मी हरले. जे दुखत नाही आणि वाहत नाही, ते तांड्याच्या हिशेबात दुखणंच नाही. एवढीशी गाठ घेऊन माझ्यासारखी धडधाकट बाई नागपूरला का जाते, हे त्यांना कळेना. पुरुष आपसांत बोलले. मग नायकांनी फैसला सांगितला.

इथं आमच्या नसाबची एक खोड सांगायला पाहिजे. नसाब कुणालाच पूर्ण हरवून घरी पाठवत नाही. दोन भाऊ बांधावरून भांडले तर बांध मधोमध. एकाचा बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला तर थोडं याचं चुकलं, थोडं त्याचं. उद्या परत एकाच विहिरीवर पाणी भरायचं असतं ना, म्हणून ही रीत. चांगली रीत आहे. त्याच रीतीनं त्यांनी माझ्या गाठीचा निकाल लावला.

"आधी बाजारातल्या मानसाचं औषध करा," नायक म्हणाले. "तूर निघेलोक पाहा. नाही पडली, तं नागपूर. भावाचंबी राह्यलं, बहिनीचंबी राह्यलं."

तूर निघेपर्यंत म्हणजे पीक घरात येईपर्यंत, कितीतरी महिने. सगळ्यांनी माना हलवल्या. भावानंही हलवली. त्याचं अर्धं ऐकलं होतं, माझं अर्धं ऐकलं होतं. मला आधी हसू आलं. मग जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

"नायक, बांध अर्धा अर्धा करता येते," मी म्हटलं. "गाठीची वाटनी होत नाही. तूर निघेलोक थांबतो, असं त्या गाठीनं कोनाले सांगतलं काय?"

"बाई, नसाबचा शब्द झाला."

"मंग मी मोडून राह्यली तो शब्द."

हे बोलून मी निघाले. शब्द मोडणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मोडणाऱ्याच्या घरी कोणी जात नाही, त्याला कार्यात बोलावत नाही, जोवर तो माफी मागत नाही. घरी येऊन मी रडले. अपमानानं रडले आणि भीतीनंही रडले. एकटीला दवाखाना घेणार नव्हता, आणि आता तांड्यातून कोणी सोबत येणार नव्हतं.

याडीनंही मला जवळ घेतलं नाही. "नायकाचा शब्द मोडू नोको छोरी," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. मला वाटलं, संपलं. पण सकाळी उठून बघते तर ती फेटिया-कांचळी घालून, आमच्या म्हाताऱ्या बायका अजून घालतात तो आरशांचा घागरा आणि चोळी, दारात बसलेली. बाजूला पिशवी.

"कुठं चालली?" मी विचारलं.

"एकटीले घेत नाही म्हनते न तो दवाखाना? चाल."

नायकाचं ऐक म्हणणारीही तीच आणि पिशवी भरणारीही तीच. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं विचार बदलला असता.

ती पंचाहत्तरीच्या पुढची, तिला गाडीत तिकीट लागत नाही. नागपूरच्या गाडीत सगळे तिच्या आरशांकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं की ते बाहेर बघायचे.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते, ती करून गाठ किती खोल गेली ते पाहिलं. खोल गेली नव्हती. आजूबाजूला काही पसरलेलं नव्हतं. "दुर्बिणीतून निघण्यासारखी आहे," ते म्हणाले. "उद्या करू. आज पोट साफ करायचं."

दवाखान्याजवळ खोली घेतली होती. पोट साफ करायचं औषध पाण्यात कालवून पेल्यामागं पेला प्यायचं होतं. खारट, गुळचट, उलटीच येईल असं. त्यानंतर जे झालं ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात पाण्याशिवाय काही उरलंच नव्हतं. जेवण बंद. याडी डॉक्टरवर भयंकर चिडली. पोरीला उपाशी ठेवून वर जुलाब देणारा डॉक्टर तिनं जन्मात पाहिला नव्हता. माझी दाराशी ये-जा बघून शेवटी म्हणाली, "येवढी धुवून निघाली तू. गाठ वाहूनच गेली असन. चाल घरी."

मी हसले आणि त्या हसण्यानं परत आत पळावं लागलं.

सकाळी नर्सनं विचारलं, सोबत पुरुष माणूस कोणी आहे का. मी म्हटलं, "नाही. गाठ माझी आहे, सही माझी घ्या. अंगठा पाहिजे असेल तर हिचा घ्या." तिनं दोन्ही घेतलं.

टेबलावर मी डॉक्टरांकडं एक गोष्ट मागितली. मला बघायचं आहे म्हटलं. त्यांनी जरा विचार केला. "आतल्या त्या थराला कापलेलं दुखत नाही. थोडं गुंगीचं देतो. जागं राहावंसं वाटलं तर बघा, झोप आली तर झोपा." आणि पडदा माझ्याकडं वळवायला सांगितला.

कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, मी माझं स्वतःचं आत पाहिलं. ज्या जागेचं नाव काढलं की लोक माती उकरतात ती जागा आतून गुलाबी असते, स्वच्छ आणि ओली, गालाच्या आतल्या बाजूसारखी. तिच्यात लाज वाटण्यासारखं मला काहीच दिसलं नाही. आणि त्या गुलाबी भिंतीवर एक पिवळट उंचवटा. हीच ती. हिच्यासाठी मी नसाबचा शब्द मोडला होता.

डॉक्टर आपलं काम बोलत बोलत करत होते. गाठीच्या खाली सुईनं निळं पाणी सोडलं, तशी ती भिंतीपासून सुटून पुरीसारखी वर फुगली. मग दुर्बिणीच्या टोकाला लावलेल्या टोपणात त्यांनी ती ओढून घेतली आणि तिच्या बुडाला बारीकसा रबर बसवला. रबराच्या खालून तारेचा फास टाकला, आवळला, वीज सोडली. पडद्यावर जरा धूर दिसला. मला काही कळलं नाही, ओढल्यासारखं झालं तेवढंच. पुन्हा चित्र साफ झालं तेव्हा भिंतीवर एक नितळ खड्डा होता आणि गाठ नव्हती. कडा नीट बघून त्यांनी तो खड्डा बारीक चिमट्यांनी मिटवला.

"निघाली?" मी विचारलं.

"अख्खी निघाली असं दिसतं. खात्री तपासणीतच होईल. कडेला गाठीचा अंश राहिला असेल तर पुन्हा विचार करावा लागेल."

एका बाटलीत पाण्यासारख्या औषधात ती ठेवली होती. बाटली समोरच्या लॅबमध्ये न्यायची होती, म्हणून ती याडीच्या हातात दिली. ती आधी माझ्याकडं घेऊन आली. खिडकीच्या उजेडात धरून तिनं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, तोंड वाकडं करेल.

"येवढीशी?" ती म्हणाली. "अन येवढ्यासाठी येवढे लोक बसले व्हते?"

नर्सनं पिशवीत घाला म्हटलं तर तिनं घातली नाही. दोन्ही हातांत धरून, आरसे चमकवत, ती रस्ता ओलांडून गेली आणि देऊन आली.

रिपोर्ट यायला जे दिवस लागले ते मी कसे काढले ते मलाच माहीत. खरी भीती मला तेव्हा वाटली. गाठ होती तोवर तिच्याशी भांडत होते. आता भांडायला समोर काहीच नव्हतं. कडेला अंश सापडला तर पुढचं ऑपरेशन मोठं, आणि तेव्हा तांडा काय म्हणेल तेही मला ऐकू येत होतं. रात्री निजल्यावर त्या कागदावरची पिशवी दिसायची. याडी चिमूटभर मिरची घालायला लागली होती, तीही मला गोड लागत नव्हती.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "कडा साफ आहेत. गाठ पूर्ण निघाली. दुसरं ऑपरेशन नको. सांगू तेव्हा कॅमेऱ्यानं तपासायला येत जा, ते चुकवू नका."

"पुन्हा सांगा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. मी तिथंच खुर्चीत ढसाढसा रडले आणि याडी डॉक्टरांना विचारत बसली की आता हिला पहिल्यासारखी मिरची चालते का.

तांड्यात परतलो तर घरापुढं कोणी नाही. आमच्याकडं दवाखान्यातून कोणी आलं की अंगण भरतं. माझ्या अंगणात कुत्रं बसलं होतं. मी आठवड्याभरात ड्यूटीवर रुजू झाले. फाट्यावर तांड्यातलीच माणसं माझ्या गाडीत चढायची, खिडकीबाहेर बघत पैसे पुढं करायची. मी मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "कुठं?" तेव्हा त्यांना बोलावंच लागायचं. भाऊ तर गाडी माझी आहे बघून मागच्या गाडीसाठी थांबायचा. ते मला लागायचं. लागत नाही असं दाखवत होते, पण लागायचं.

पुतणीची सगाई ठरली. ढाणकीच्या पाहुण्यांनी माझ्या गाठीचं नाव काढलं नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. सगाईच्या आधी नायकांनी निरोप धाडला, नसाब बसते आहे, बाईनं येऊन माफी मागावी म्हणजे घरचं कार्य तिला चुकणार नाही. निरोपात कपट नव्हतं. म्हातारा माझ्या भल्याचंच बघत होता.

मी गेले. याडीही मागून आली.

"बाई," नायक म्हणाले, "चुकलं म्हन. एक शब्द. मंग पुतनीच्या सगाईत तू सगळ्याइच्या पुढं बसशील."

पुतणी मी मांडीवर वाढवलेली. तो एक शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, खोटं कशाला सांगू. पण मला तो पिवळट उंचवटा दिसला. तूर अजून शेतात उभी होती. मी यांचं ऐकलं असतं तर तो आत्ता, या मिनिटाला, माझ्या आत असता आणि बाजारातल्या माणसानं त्यावर लेप लावला असता.

"चुकलं असतं तं म्हनलं असतं, नायक," मी म्हटलं. "नाही चुकलं."

भाऊ उठला. त्याचा आवाज चिरकला. "हिनं असं म्हनलं तं नसाबच्या शब्दाले किंमत काय राह्यली? उद्या कोनीबी उठन अन आपल्या मनाचं करन."

त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी याडी पुढं आली. ती जन्मात नसाबमध्ये बोललेली नव्हती. तिचं लग्न ठरलं, तिच्या नवऱ्याची जमीन वाटली गेली, तिच्या पोरीचा संसार मोडला, सगळं तिनं मागं भिंतीशी उभं राहून ऐकलं होतं.

"संडासच्या जागेची गाठ व्हती," ती म्हणाली. एक अक्षर न खाता म्हणाली. "माया पोरीची. काढली. जीव वाचला तिचा. माफी कायची?"

कारभारी चपापले. म्हणाले, "काकी, बाईमानसानं नसाबमंधी बोलू नाही. तुले माईत नाही काय?"

"मंग बाईमानसाच्या गाठीचा निकाल नसाबमंधी काहून लावला?"

माती उकरायलाही कोणाला काडी सापडली नाही. नायक याडीकडं बघत राहिले आणि मग त्यांनी मान खाली घातली. याडीनं माझा दंड धरला आणि आम्ही घरी आलो. माफी मी मागितली नाही. मागायला कुणी पुन्हा सांगितलंही नाही, आणि ये असंही कुणी म्हटलं नाही.

सगाईच्या दिवशी माझी ड्यूटी होती. मुद्दाम घेतली होती. गाडी डेपोत लावून तांड्यावर आले तर मांडवातून आवाज येत होता. मी घराकडं वळणार, तेवढ्यात मला याडी दिसली. सगळ्यांच्या पुढं, पाहुण्यांच्या समोर, सतरंजीवर बसली होती, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं आपला पंजा पसरून दाबून धरला होता. भावाची बायको तिथं बसायला वाकली तर तिला तिनं कोपरानं सरकवलं. भाऊ उभा राहून हे बघत होता, पण त्यानं तिला अडवलं नाही.

मी खाकीतच मांडवात शिरले, याडीनं हात उचलला, आणि मी बसले.